पदवी अभ्यासक्रमातील जीवरसायनशास्त्र : केंब्रिज, बंगळूर आणि मुंबई

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिज विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या इमारतीत दोन तरुण अभ्यासकांचा वावर होता. फ्रेडरिक सँगर हे १९३६ साली सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झालेले पदवीचे विद्यार्थी होते. भौतिकशास्त्र व गणित या विषयांत त्यांची गती बेताची होती आणि ट्रायपॉस परीक्षेचा पहिला भाग पूर्ण करण्यास त्यांना तीन वर्षे लागली. कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत १९३३ साली गुणवत्ता यादीत सर्वप्रथम आलेल्या विद्यार्थिनी. पुढे त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. सँगर यांना जीवरसायनशास्त्र हा विषय पदवीच्या पहिल्याच वर्षी, इतर विषयांच्या जोडीने, निवडता आला. भागवत यांना मात्र त्याच विषयाच्या अध्ययनासाठी पदवीनंतर एका संशोधन संस्थेच्या दारात सत्याग्रहाचा मार्ग अवलंबावा लागला.

हा फरक केवळ दोन व्यक्तींच्या नशिबाचा नाही. एखादा विषय पदवीच्या पातळीवर शिकवला जातो की केवळ संशोधनाच्या पातळीवर, यावर त्या विषयात कोणाला प्रवेश मिळणार हे बरेचसे अवलंबून असते. जीवरसायनशास्त्राचा इतिहास सामान्यतः जीवनसत्त्वे, एंझाइमे व प्रथिने यांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. हा विषय पदवीचा मुख्य विषय कसा झाला, याचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा प्रामुख्याने केंब्रिजच्या आणि त्या अनुषंगाने बंगळूर व मुंबईच्या संदर्भात घेतला आहे.

वैद्यकाच्या आश्रयाने

एकोणिसाव्या शतकात सजीवांच्या रसायनशास्त्राला स्वतःचे घर नव्हते. जर्मनीत फेलिक्स होप-सायलर यांनी १८७७ साली या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, परंतु बहुतेक जर्मन विद्यापीठांत हा विषय शरीरक्रियाविज्ञानाच्या छत्राखालीच राहिला. ब्रिटनमध्ये जीवरसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापकपद १९०२ साली लिव्हरपूल येथे निर्माण झाले. अमेरिकेत १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर वैद्यकीय महाविद्यालयांची पुनर्रचना झाली आणि त्यांत जीवरसायनशास्त्राचे विभाग भक्कम झाले. पण हे विभाग भावी डॉक्टरांसाठी होते. लघवीतील शर्करा तपासणे, रक्तातील घटक मोजणे, अन्नातील नायट्रोजनाचा हिशेब मांडणे असे त्या अध्यापनाचे स्वरूप होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहावे अशी सोय फारच थोड्या ठिकाणी होती.

केंब्रिजमध्येही आरंभ असाच झाला. शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी १८९८ साली फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांना रासायनिक शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यासाठी बोलावून घेतले. हॉपकिन्स यांची स्वतःची शैक्षणिक वाटचाल सरळ नव्हती. रासायनिक विश्लेषक म्हणून नोकरी करता करता त्यांनी लंडन विद्यापीठाची बहिःस्थ पदवी मिळवली आणि नंतर गायज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले. केंब्रिजला आल्यावर ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाचा शोध, वॉल्टर फ्लेचर यांच्यासह स्नायूंतील लॅक्टिक अम्लावरील अभ्यास (१९०७) आणि आहारातील साहाय्यक घटकांवरील १९१२ चा सुप्रसिद्ध निबंध ही कामे त्यांच्या हातून झाली. याच निबंधातून जीवनसत्त्वांच्या संकल्पनेला बळ मिळाले आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र ही सर्व कामे अध्यापनाच्या ओझ्याखाली झाली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. १९१० साली ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना जीवरसायनशास्त्राचे व्याख्यातेपद दिले तेव्हा कोठे त्यांची या भारातून सुटका झाली. १९१४ साली ते जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

प्राध्यापकपद मिळाले तरी विभागाला जागा नव्हती. सुरुवातीची वर्षे बाल्फोर प्रयोगशाळेत गेली. पूर्वी प्रार्थनामंदिर असलेली ही वास्तू १८८४ पासून केंब्रिजमधील विद्यार्थिनींच्या जीवशास्त्राच्या अध्यापनासाठी वापरली जात होती. विद्यापीठाच्या मुख्य प्रयोगशाळांत स्त्रियांना सहजासहजी जागा मिळत नसे म्हणून ती उभारली गेली होती. हॉपकिन्स यांच्या विभागात पुढे मार्जरी स्टीफन्सन, म्युरिएल ऑन्स्लो, डोरोथी नीडहॅम अशा संशोधिकांना जे स्थान मिळाले, ते त्या काळी इतरत्र क्वचितच आढळते. १९४५ साली रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांपैकी एक स्टीफन्सन होत्या.

१९२० साली सर विल्यम डन यांच्या विश्वस्तांनी केंब्रिजला दोन लाख पौंडांहून अधिक रकमेची देणगी दिली आणि १९२४ साली डन इन्स्टिट्यूट ही स्वतंत्र इमारत उघडली. या देणगीमागे फ्लेचर यांचे प्रयत्न होते. वैद्यकातील प्रगती हवी असेल तर वैद्यकाच्या तात्कालिक गरजांपासून मुक्त असे जीवरसायनशास्त्र असले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. देणगीदारांच्या गळी ही धारणा उतरवणे सोपे नव्हते. रुग्णांसाठी ठेवलेला पैसा यीस्ट, जीवाणू, वनस्पती व कीटक यांच्या रसायनशास्त्रावर खर्च होणार होता.

ट्रायपॉसची रचना आणि अर्धविषय

विभागाला इमारत व निधी मिळाला. परंतु विषय खऱ्या अर्थाने रुजला तो ट्रायपॉसच्या रचनेमुळे. केंब्रिजमधील नैसर्गिक विज्ञानांच्या ट्रायपॉस परीक्षेचे तेव्हा दोन भाग होते. पहिल्या भागात विद्यार्थी अनेक विज्ञाने एकत्र अभ्यासत असे. दुसऱ्या भागात तो एकाच विषयाला वर्षभर वाहून घेत असे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात जीवरसायनशास्त्राने दुसऱ्या भागात पूर्ण विषय म्हणून स्थान मिळवले आणि पुढे पहिल्या भागातही अर्धविषय म्हणून ते शिकवले जाऊ लागले. विद्यापीठीय प्रशासनाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ वाटेल. अभ्यासक्रम समित्यांवर काम केलेल्या प्राध्यापकांना मात्र तिचे मोल लगेच उमजेल. अर्धविषय म्हणजे कमी जोखमीचा प्रवेश. त्यात रस वाटला नाही तर विद्यार्थ्याचे फारसे बिघडत नाही, आणि वाटला तर पुढचा मार्ग खुला असतो.

सँगर यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ते डॉक्टरांच्या घरातले. वडिलांप्रमाणे वैद्यकाकडे जावे असा आरंभीचा विचार त्यांनी सोडला होता. पहिल्या वर्षाच्या विषयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांच्यासोबत त्यांनी जीवरसायनशास्त्र घेतले. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र सोडून त्यांनी शरीरक्रियाविज्ञान निवडले. जीवरसायनशास्त्र शिकवणारे अर्नेस्ट बाल्डविन यांच्या उत्साहाने ते या विषयाकडे ओढले गेले. माल्कम डिक्सन, जोसेफ नीडहॅम हेही तेथेच शिकवत. पहिला भाग संपल्यावर आणखी एक वर्ष थांबून त्यांनी दुसऱ्या भागासाठी जीवरसायनशास्त्र घेतले आणि, त्यांना स्वतःलाही अपेक्षा नसताना, प्रथम वर्ग मिळवला. १९४० साली त्यांनी संशोधनास आरंभ केला, १९४३ साली पीएच.डी. पूर्ण केली आणि हॉपकिन्स यांच्यानंतर विभागप्रमुख झालेल्या चिबनॉल यांच्या सूचनेवरून इन्शुलिन हाती घेतले. ५१ ॲमिनो अम्लांच्या या प्रथिनाचा संपूर्ण क्रम व त्यातील गंधकाचे बंध १९५५ पर्यंत उलगडले. प्रथिनाला निश्चित असा क्रम असतो हे प्रथमच निर्विवादपणे सिद्ध झाले. त्यासाठी १९५८ चे आणि डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीसाठी १९८० चे, अशी रसायनशास्त्राची दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली.

इन्शुलिनच्या कामात सँगर यांनी वापरलेली कागदी वर्णलेखन पद्धत आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांच्या संशोधनातून आलेली होती. हे दोघेही केंब्रिजचेच पदवीधर. मार्टिन रासायनिक अभियांत्रिकीच्या विचाराने आले होते, जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या प्रभावामुळे ते जीवरसायनशास्त्राकडे वळले.

या अध्यापनाचे वैशिष्ट्य काय होते? हॉपकिन्स यांनी १९१३ साली बर्मिंगहॅम येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात एक भूमिका मांडली होती. पेशीतील रसायनशास्त्र म्हणजे गूढ ‘जिवंत द्रव्याचा’ अभ्यास नव्हे. साध्या, ओळखता येणाऱ्या पदार्थांच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या अभिक्रियांचा तो अभ्यास आहे, असे तिचे सार होते. विषयाला स्वतंत्र अभ्यासक्रम देता येतो तो अशी मध्यवर्ती कल्पना हाती असल्यावरच. केवळ वैद्यकोपयोगी माहितीचा संग्रह असता तर तो एका वर्षाच्या सलग अध्ययनाचा विषय झाला नसता. बाल्डविन यांचे १९४७ चे पाठ्यपुस्तक या गतिशील दृष्टिकोनावरच उभे होते आणि त्याच्या शीर्षकातही ती कल्पना उतरली होती. जे पाठ्यपुस्तक शिकवता शिकवता आकाराला येते ते दीर्घकाळ टिकते, असा अनुभव इतर विषयांतही येतो. विभागातील वातावरणही मोकळे होते. तेथील मंडळी १९२३ पासून काही वर्षे ‘ब्रायटर बायोकेमिस्ट्री’ नावाचे विनोदी वार्षिक काढत असत आणि त्यात थट्टेतून कोणीही सुटत नसे.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आपण शिष्यवृत्ती मिळवणारे विद्यार्थी नव्हतो आणि आईवडील सधन नसते तर केंब्रिजला येणे बहुधा शक्य झाले नसते, अशी कबुली सँगर यांनी स्वतः दिली आहे. स्त्रियांना तर १९४८ पर्यंत विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व नव्हते. त्यांच्या पदव्या तोवर नाममात्र स्वरूपाच्या होत्या. अर्धविषयाचे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंतची वाट सर्वांसाठी नव्हती.

बंगळूरचे दार

त्याच काळात भारतात जीवरसायनशास्त्र अध्ययनाचा मार्ग कसा होता? मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे विषय होते. कमला भागवत यांनी मुख्य विषय रसायनशास्त्र व दुय्यम विषय भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली. सजीवांच्या रसायनशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करावयाचा तर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, अर्थात त्या काळच्या बोलण्यातील ‘टाटा इन्स्टिट्यूट’, हे प्रमुख ठिकाण होते. तेथे १९२० च्या दशकापासून जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. संस्था पदवीधरांनाच प्रवेश देई. कमला यांचे वडील नारायणराव व काका माधवराव हे त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ असल्याने आपला प्रवेश हा केवळ औपचारिकतेचा भाग आहे, असे त्यांनी गृहीत धरले असावे.

१९३३ साली संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. त्यांनी स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणींनुसार, त्यांनी हा नकार स्वीकारला नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी संशोधनाद्वारे मिळवली.

या प्रसंगाची चर्चा बहुधा रामन यांच्या स्त्रीविषयक दृष्टिकोनाच्या अंगाने होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्यात संस्थात्मक रचनेचाही भाग आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. मुंबईच्या महाविद्यालयांत स्त्रिया १९३३ पूर्वीच विज्ञान शिकत होत्या. रसायनशास्त्राच्या पदवीवर्गात बसण्यासाठी कमला भागवत यांना कोणाची मनधरणी करावी लागली नव्हती. पदवीच्या वर्गाला नियमावली असते, परीक्षा असते, प्रवेशाची एक सार्वजनिक रीत असते. संशोधन संस्थेत प्रवेश हा संचालकाच्या वा मार्गदर्शकाच्या निर्णयाचा भाग असतो. जो विषय केवळ दुसऱ्या ठिकाणी उपलब्ध असतो, त्याचे दार एका माणसाच्या मर्जीने बंद होऊ शकते. केंब्रिजमधील बेताच्या गुणांच्या विद्यार्थ्याला हा विषय सहज चाखता आला आणि मुंबई विद्यापीठात पहिली आलेल्या विद्यार्थिनीला अडवले गेले, याचे एक कारण या रचनेत सापडते.

१९३७ साली दोन शिष्यवृत्त्यांच्या बळावर कमला भागवत केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात आल्या. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा उरलेली नव्हती. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा वापरण्यास दिले आणि स्वतः रात्री काम केले, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. पुढे रॉबिन हिल यांच्यासह वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे प्रथिन प्राण्यांच्या पेशींत परिचित होते. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाची तीच यंत्रणा चालते, हे या कामातून पुढे आले. अवघ्या चौदा महिन्यांच्या कामावर आधारलेला, सुमारे चाळीस पृष्ठांचा त्यांचा प्रबंध १९३९ साली मान्य झाला. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. मराठी वाचकांना त्यांचे आणखी एक नाते परिचित आहे : दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

उशिरा प्रवेश हा तोट्याचाच असतो, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. रसायनशास्त्राची भक्कम पायाभरणी झाल्यावरच जीवरसायनशास्त्राकडे वळावे, असे मानणारा मोठा वर्ग तेव्हाही होता आणि आजही आहे. चौदा महिन्यांत प्रबंध पूर्ण होतो, त्यामागे मुंबईतील रसायनशास्त्राचे शिक्षण आणि बंगळूरमधील प्रथिनांवरील काम यांचे बळ होते. किती जण या वाटेने येऊ शकले असते आणि अर्ध्यावरूनच परतले, हा खरा प्रश्न आहे; आणि परतलेल्यांची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरात राहत नाही.

भौतिकशास्त्राच्या घरातील नवे अपत्य

दरम्यान केंब्रिजमध्ये एक वेगळी घडामोड झाली. ज्याला पुढे रेणवीय जीवविज्ञान म्हटले गेले ते हॉपकिन्स यांच्या विभागात जन्मले नाही. ते कॅव्हेंडिश या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाढले. मॅक्स पेरुट्झ यांचे हिमोग्लोबिनवरील काम, १९४७ साली स्थापन झालेले वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र आणि वॉटसन व क्रिक यांची १९५३ ची डीएनएची रचना हे सर्व तेथील. १९६२ साली या मंडळींसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली तेव्हा सँगर जीवरसायनशास्त्र विभाग सोडून तेथे गेले. रेणवीय जीवशास्त्रज्ञ म्हणजे परवान्याविना जीवरसायनशास्त्राचा व्यवसाय करणारे लोक, अशा आशयाची एर्विन शारगाफ यांची टीका प्रसिद्ध आहे. कालांतराने भांडण मिटले आणि दोन्ही नावे एकत्र नांदू लागली. अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या १९०६ साली स्थापन झालेल्या संघटनेने १९८७ साली आपल्या नावात रेणवीय जीवविज्ञानाचा समावेश केला. तेथील अनेक महाविद्यालयांतील पदवीच्या मुख्य विषयाचे जोडनाव या समेटाचेच फलित आहे.

भारतातही हीच रीत दिसते. जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनच्या त्रिसर्पिल रचनेचे काम १९५४ साली मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात केले. मुंबईत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवविज्ञानाचे केंद्र सुरू केले तेही होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे मुख्यतः भौतिकशास्त्र व गणिताच्या घरात. संशोधन उच्च दर्जाचे होते. पदवीचा वर्ग मात्र कोठेच जवळ नव्हता. कुलाब्यातील या संस्थेपासून थोड्याच अंतरावरील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या कपाटांतील नमुन्यांवर शिकवले जात होते.

मुंबईतील विभाग

कमला सोहोनी १९३९ साली भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यावर, १९४७ मधील विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेत नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापिका झाल्या. नीरा, ताडगूळ, भारतीय भाज्या व कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्ये हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे विषय होते. कडधान्ये नीट शिजवली नाहीत तर त्यांतील प्रथिन अंगी का लागत नाही, याचे रासायनिक उत्तर या कामात आहे. हॉपकिन्स यांच्या परंपरेतील आहाराचा प्रश्न येथे भारतीय स्वयंपाकघराच्या संदर्भात पुन्हा विचारला गेला. विभागाचा भर पदव्युत्तर संशोधनावर होता. संस्थेचे संचालकपद सोहोनींना मिळाले, पण काही वर्षांच्या विलंबाने.

नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभाग स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभापासून कार्यरत होता आणि विदर्भातील महाविद्यालयांत हा विषय बी.एस्सी.च्या तीन ऐच्छिक विषयांपैकी एक म्हणून रुळला. या बाबतीत विदर्भातील विद्यार्थ्याची स्थिती ट्रायपॉसच्या पहिल्या भागातील विद्यार्थ्याशी अधिक मिळतीजुळती राहिली, ही गोष्ट पुण्या-मुंबईकडील चर्चेत सहसा येत नाही. १९८६ साली केंद्र शासनाने जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग स्थापल्यानंतर जैवतंत्रज्ञान या नावाचे पदवीवर्ग झपाट्याने वाढले. त्यांपैकी कित्येक विनाअनुदानित तत्त्वावर उघडले. जीवरसायनशास्त्राचा गाभा त्यांत होता, परंतु विद्यार्थ्याने स्वतः एंझाइम वेगळे करून त्याचा वेग मोजण्याइतका प्रयोगशाळेचा अवधी सर्वत्र होता असे म्हणता येत नाही.

ज्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली प्रवेशाचा झगडा झाला, तेथे २०११ साली बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात पहिली तीन सत्रे सर्व विद्यार्थी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र एकत्र शिकतात. मुख्य विषयाची निवड त्यानंतर होते. जीवशास्त्राच्या वर्गात पहिल्या वर्षी बसलेल्या विद्यार्थ्याने पुढे भौतिकशास्त्र निवडले, अथवा भौतिकशास्त्राच्या ओढीने आलेल्याने जीवशास्त्र घेतले, तरी त्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.